बंद शाळा आणि घरची जबाबदारी : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील पालक (२०२०-२०२२)

प्रस्तावना :

साथीच्या काळात शाळा बंद होणे ही पुणे परिसराला नवीन गोष्ट नाही. १८९७ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि २००९ चा स्वाइन फ्लू या तीनही साथींनी या परिसरातील दैनंदिन व्यवहार विस्कळीत केले. मात्र २०२० मध्ये आलेल्या कोविड-१९ च्या महामारीने एक अपूर्व परिस्थिती निर्माण केली. शाळेची इमारत बंद झाली, परंतु शाळेचे काम थांबविण्यात आले नाही. ते विद्यार्थ्याच्या घरी नेण्यात आले आणि त्याची प्रत्यक्ष जबाबदारी पालकांवर येऊन पडली. महामारीच्या इतिहासलेखनात रुग्णसंख्या, रुग्णालये, टाळेबंदी व स्थलांतर यांची नोंद विपुल आहे. पालकांनी या काळात केलेल्या कामाची नोंद त्या मानाने अत्यल्प आहे.

प्रस्तुत लेखात पिंपरी-चिंचवड शहर व त्याला लागून असलेला चाकण औद्योगिक पट्टा यांच्या संदर्भात मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२२ या कालखंडातील पालकांच्या भूमिकेचा विचार केला आहे. त्यासाठी शासनाने वेळोवेळी काढलेले आदेश, प्रकाशित सर्वेक्षणे आणि या परिसराचा औद्योगिक व सामाजिक इतिहास यांचा आधार घेतला आहे. महामारीच्या काळात शासन व शाळा यांनी पालकाला शिक्षणव्यवस्थेचा विनावेतन कर्मचारी बनविले, आणि हे काम कोणाला कितपत जमले हे पालकांच्या इच्छेपेक्षा त्यांच्या कामाच्या वेळा, घराचे क्षेत्रफळ व स्वतःचे शिक्षण यांवर अवलंबून राहिले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका : साथ आणि घर

४ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश शासनाने साथरोग अधिनियम संमत केला. त्यानंतर पुण्यात रँडच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने घरोघर तपासण्या सुरू केल्या. सोजिरांनी घरात शिरून केलेल्या या तपासण्यांविरुद्ध निर्माण झालेला संताप, २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला आणि त्यानंतर चापेकर बंधूंना झालेली फाशी हा इतिहास सर्वपरिचित आहे. चापेकर बंधू चिंचवडचे. त्यांचा वाडा व त्यांच्या नावाचा चौक आज पिंपरी-चिंचवड शहराच्या मध्यवस्तीत आहे. याच साथीत रुग्णसेवा करीत असताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या शिक्षिकेचा अंत साथीच्या कामात व्हावा, हा योगायोग शिक्षणाच्या इतिहासाच्या अभ्यासकाला विसरता येण्यासारखा नाही.

१८९७ चा हाच अधिनियम महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० रोजी पुन्हा लागू केला. कायदा तोच असला तरी शासनाची घराकडे पाहण्याची दृष्टी बदललेली होती. १८९७ मध्ये घर हे संशयाचे ठिकाण होते. रोगी तेथे लपविला जातो, म्हणून शासन तेथे शिरत असे. २०२० मध्ये घर हे सुरक्षिततेचे ठिकाण मानले गेले आणि शासनाने आपली काही कामे घराकडे सोपविली. शिक्षण हे त्यांतील सर्वांत मोठे काम होते.

या दोहोंच्या मध्ये २००९ चा अनुभव आहे. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. मृत्यू पावलेली मुलगी शाळकरी वयाची होती. त्या महिन्यात पुणे व पिंपरी-चिंचवडमधील शाळा काही दिवस बंद ठेवण्यात आल्या. त्या वेळी शाळा बंद म्हणजे सुट्टी, एवढाच अर्थ होता. बुडालेला अभ्यास नंतर भरून काढला जाई. शाळा बंद असतानाही शिकविणे चालू राहील, ही कल्पना त्या वेळी पालकांच्या वा शिक्षकांच्या मनात नव्हती. तसे करण्याचे साधनही सर्वसामान्य घरात नव्हते. अवघ्या ११ वर्षांत हे चित्र पालटले.

औद्योगिक पट्टा व त्यातील पालकवर्ग :

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी परिसराचे रूप झपाट्याने बदलले. १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. २००१ च्या जनगणनेत सुमारे दहा लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाखांच्या पुढे गेली. याच सुमारास उद्योगांचा विस्तार पुणे-नाशिक महामार्गाने उत्तरेकडे, खेड तालुक्यातील चाकण, महाळुंगे, निघोजे व कुरुळी या गावांकडे सरकला. २००९ मध्ये फोक्सवॅगनच्या चाकण प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि वाहननिर्मितीचे केंद्र म्हणून चाकणचे नाव देशभर झाले.

या विस्तारामुळे या पट्ट्यात परस्परांहून अत्यंत भिन्न असे पालकवर्ग शेजारी शेजारी राहू लागले. जुन्या कारखान्यांतील कायम कामगार निगडी-प्राधिकरण, चिंचवड, भोसरी येथे स्वतःच्या घरात राहतो. वाकड, पिंपळे सौदागर येथील गृहसंकुलांत हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील नोकरदार राहतात. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेला कंत्राटी कामगार चाकणच्या परिसरात व शहरातील दाट वस्त्यांत भाड्याच्या खोलीत राहतो. त्यांच्या मुलांच्या शाळाही निरनिराळ्या. कोणी महानगरपालिकेच्या मराठी, हिंदी वा उर्दू शाळेत, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोणी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत, तर कोणी शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांवर. महामारीने या सर्वांवर एकच शिक्षणपद्धती लादली. तिचा भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाही.

घटनाक्रम : २०२० ते २०२२

९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले कोविड रुग्ण पुण्यात आढळले. मार्चच्या मध्यास पुणे व पिंपरी-चिंचवडमधील शाळा बंद करण्यात आल्या. इयत्ता पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि दहावीचा भूगोलाचा पेपर अखेरपर्यंत झालाच नाही. एप्रिलपासून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने दररोजची अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपद्वारे पाठविण्यास सुरुवात केली. दीक्षा अ‍ॅपवर पाठ उपलब्ध झाले, बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळू लागली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. स्मार्टफोन नसलेल्या घरांसाठी दूरदर्शनचा हा मार्ग महत्त्वाचा होता.

२०२०-२१ साठी अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला. राज्यात २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी मिळाली, तथापि अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाकडे असल्याने पुणे व पिंपरी-चिंचवडमध्ये हे वर्ग जानेवारी २०२१ मध्ये उघडले. दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पाडले. १२ मे २०२१ रोजी दहावीची परीक्षा रद्द करण्याचा निर्णय झाला. जुलैमध्ये जाहीर झालेला निकाल ९९.९५ टक्के लागला. १ जुलै २०२१ पासून मागील वर्षाची उजळणी करण्यासाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखण्यात आला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावी हे वर्ग सुरू झाले. पिंपरी-चिंचवडमधील लहान मुलांचे वर्ग उघडण्यास डिसेंबर २०२१ चा मध्य उजाडला. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या व फेब्रुवारीच्या प्रारंभी पुन्हा सुरू झाल्या.

या घटनाक्रमातून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली अशी की शहरातील प्राथमिक वर्गातील मूल सुमारे २१ महिने शाळेच्या वर्गात बसले नाही. २०२०-२१ मध्ये पहिलीत नाव दाखल झालेले मूल दुसरीचे अर्धे वर्ष संपत आल्यावर प्रथमच बाकावर बसले. दुसरी बाब अशी की चाकण पट्ट्यातील गावे ग्रामीण भागात आणि भोसरी शहरी भागात असल्याने, अवघ्या काही किलोमीटरच्या अंतरात शाळेचे वेळापत्रक निराळे होते. एकाच कारखान्यात शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोन कामगारांपैकी एकाच्या सहावीतील मुलाची शाळा ऑक्टोबरमध्ये उघडली आणि दुसऱ्याच्या मुलाची बंदच राहिली, असे घडू शकत होते.

पाळी आणि फोन :

या पट्ट्यातील कामगाराचे जीवन पाळीवर चालते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी यांनुसार घरातील झोप, जेवण व पाहुणेरावळे ठरतात. मे-जून २०२० पासून कारखाने टप्प्याटप्प्याने सुरू झाले. जुलै २०२० मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडमध्ये दहा दिवसांची कडक टाळेबंदी पुन्हा झाली, परंतु त्यानंतर उद्योगांची गती वाढत गेली. शाळा मात्र बंदच होत्या. म्हणजे कारखाना उघडा आणि शाळा बंद, अशी स्थिती या पट्ट्याने सर्वाधिक काळ अनुभवली. घरून काम करण्याची सोय यंत्रावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला असूच शकत नाही. पालक कामावर गेला की घरातील एकमेव स्मार्टफोनही त्याच्याबरोबर जाई. सकाळी दहाचा तास असेल आणि वडील पहिल्या पाळीला असतील, तर त्या दिवशी मुलाची शाळा भरतच नसे. दुपारनंतर वडील परतल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर साचलेला अभ्यास उतरवून घेणे, हीच शाळा. दोन भावंडांचे तास एकाच वेळी असल्यास फोन कोणाला द्यायचा हा प्रश्न उभा राही. दहावीचे वर्ष असलेल्या मुलाला प्राधान्य मिळणे स्वाभाविक होते. धाकट्याचे वर्ष त्यात निघून जाई.

वाकड वा पिंपळे सौदागर येथील नोकरदार पालकाची अडचण निराळी होती. तेथे लॅपटॉप होते, इंटरनेट होते, आणि आई-वडील दोघेही घरी होते. परंतु त्यांची कार्यालयीन बैठक आणि मुलांचा तास एकाच वेळी, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना चालू असे. घरी असणे म्हणजे मोकळे असणे नव्हे, हे मुलाला आणि अनेकदा कार्यालयालाही समजावून सांगावे लागे. तरीही मूल डोळ्यांसमोर आहे, हा दिलासा त्यांना होता. रात्रपाळी करून दिवसा त्याच खोलीत झोपणाऱ्या पित्याला आणि धुण्याभांड्यांच्या कामासाठी बाहेर जाणाऱ्या मातेला तो नव्हता.

पालकाचे नवे काम :

१४ जुलै २०२० रोजी केंद्र शासनाने ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोन तास आणि नववी ते बारावीसाठी असेच चार तास, अशी मर्यादा घालण्यात आली. पूर्वप्राथमिक वर्गांसाठी सांगितलेला वेळ ३० मिनिटांहून अधिक नव्हता, आणि तोही पालकांशी संवाद साधून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी होता. मर्यादा घालण्यामागे मुलांच्या डोळ्यांची व आरोग्याची काळजी होती, हे उघड आहे. मात्र दिवसाचे दीड तास शाळेचे असतील, तर उरलेले शिकविणे कोणी करायचे, या प्रश्नाचे उत्तर त्या आदेशातच अध्याहृत होते.

अशा रीतीने पालकाकडे आलेल्या कामांची यादी केली तर ती थक्क करणारी ठरते. वेळापत्रक लक्षात ठेवणे, दुवा उघडून देणे, रिचार्ज करणे, रेंज मिळेल अशी जागा शोधणे, गृहपाठाचे छायाचित्र काढून पाठविणे, चाचणीच्या वेळी शेजारी बसणे आणि त्याच वेळी उत्तर न सांगणे ही सर्व कामे त्यांत येतात. शालेय पोषण आहाराऐवजी शाळेतून कोरडा शिधा मिळू लागला. म्हणजे शाळेतील स्वयंपाकही घराकडे आला. यांतील बहुतांश कामे मातांनी केली. स्वतः सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या स्त्रीने इंग्रजी शाळेतील मुलाचा अभ्यास पीडीएफ करून पाठविण्यास शिकणे ही घटना शिक्षणाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

या कामात शिक्षणाचा वारसा किती निर्णायक ठरला, हे प्रथम संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणावरून दिसते. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले. साधन वाढले, परंतु साहाय्य सारखे नव्हते. आई-वडील दोघेही अल्पशिक्षित असलेल्या मुलांपैकी ५४.८ टक्के मुलांना घरात अभ्यासासाठी मदत मिळत होती, तर दोघेही किमान नववीपर्यंत शिकलेल्या घरांत हे प्रमाण ८९.४ टक्के होते. हे आकडे ग्रामीण भारताचे आहेत, ते जसेच्या तसे पिंपरी-चिंचवडला लागू करता येणार नाहीत. तथापि त्यांच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. अल्पशिक्षित पालकांच्या घरांतही निम्म्याहून अधिक मुलांना कोणीतरी मदत करीतच होते. ‘पालकांचे मुलांकडे लक्षच नव्हते’ हे त्या काळात वारंवार ऐकू येणारे विधान या आकड्यांसमोर टिकत नाही.

गावाकडे गेलेला वर्ग :

मे २०२० पासून श्रमिक विशेष रेल्वेगाड्या सुटू लागल्या. या पट्ट्यातील परप्रांतीय कामगार मोठ्या संख्येने गावी परतले. मराठवाडा-विदर्भातील कुटुंबेही काम थांबल्याने गावाकडे गेली. पूर्वी असे स्थलांतर झाले की मुलाची शाळा सुटत असे. या वेळी एक वेगळीच शक्यता निर्माण झाली. मूल लातूर वा बुलढाणा जिल्ह्यातील गावी असले आणि फोनला रेंज असली, तर ते चाकणच्या शाळेत ‘हजर’ राहू शकत होते. हजेरीपटाचे काम पालकांच्या भ्रमणध्वनी क्रमांकांच्या यादीने घेतले. याउलट रिचार्ज संपलेले वा क्रमांक बदललेले मूल शाळेच्या भिंतीला लागून राहत असले तरी शाळेच्या दृष्टीने हरवलेले होते. पटावर नाव आणि प्रत्यक्षात संपर्क नाही, अशा मुलांचा शोध घेणे हे अनेक शिक्षकांचे या काळातील खरे काम होते. त्यांनी वस्त्यावस्त्यांतून फिरून ते केले, याचीही नोंद व्हावयास हवी.

शुल्क आणि संमतीपत्र :

पालक व शाळा यांच्या संबंधांतील ताण दोन कागदांभोवती एकवटला. पहिला कागद शुल्काच्या पावतीचा. ८ मे २०२० रोजी शासनाने २०२०-२१ साठी शुल्कवाढ न करण्याचा निर्णय काढला. त्याला आव्हान देण्यात आले व जूनमध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील शाळांच्या प्रकरणात १५ टक्के शुल्ककपातीचे तत्त्व मान्य केले आणि त्याला अनुसरून १२ ऑगस्ट २०२१ रोजी राज्य शासनाने तसा निर्णय काढला. न वापरलेल्या प्रयोगशाळेचे, मैदानाचे व बसचे पैसे का द्यावेत, हा पालकांचा प्रश्न होता. शुल्क न आल्यास शिक्षकांना वेतन कोठून द्यावे, हा संस्थांचा प्रश्न होता. दोन्ही प्रश्न खरे होते. ‘असर’च्या २०२१ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील शासकीय शाळांतील पटाचे प्रमाण २०१८ मधील ६४.३ टक्क्यांवरून ७०.३ टक्क्यांवर गेले. अनेक पालकांनी वादापेक्षा शाळा बदलण्याचा मार्ग स्वीकारला, असे यावरून अनुमान करता येते.

दुसरा कागद संमतीपत्राचा. वर्ग सुरू करताना विद्यार्थ्याला शाळेत पाठविण्यास पालकांची लेखी संमती आवश्यक करण्यात आली. वरवर पाहता हा पालकांच्या अधिकाराचा सन्मान होता. प्रत्यक्षात, तज्ज्ञ व शासन ज्याविषयी निश्चित काही सांगू शकत नव्हते, त्या धोक्याचा निर्णय पालकांच्या स्वाक्षरीवर सोपविला गेला. घरात वृद्ध आजी-आजोबा असलेल्या कुटुंबाला ही स्वाक्षरी सोपी नव्हती. दुसऱ्या लाटेनंतर तर ती अधिकच कठीण झाली. त्या लाटेत अनेक मुलांनी पालकच गमावले. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांसाठी शासनाने जून २०२१ मध्ये पाच लाख रुपयांच्या मुदत ठेवीची योजना जाहीर केली. ज्यांची संमती घ्यायची, तेच उरले नाहीत अशी ही मुले होती.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. महामारीच्या काळात शिक्षण चालू राहिले असे म्हणताना त्यातील पालकांच्या, विशेषतः मातांच्या, श्रमाचा वाटा स्वतंत्रपणे मान्य केला पाहिजे. घरातील शिक्षणाची असमानता फोन असणे वा नसणे एवढ्यापुरती नव्हती. पाळी, खोली आणि पालकांचे शिक्षण हे तिचे खोलवरचे आधार होते. औद्योगिक पट्ट्यात कारखान्याचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक यांचा मेळ घालण्याचा विचार कोणत्याही आदेशात झालेला दिसत नाही. या काळाची हानीही खरी आहे. ‘असर’नुसार इयत्ता दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे देशातील ग्रामीण प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. ही घसरण पालकांच्या उदासीनतेची मोजणी नव्हे. जे काम प्रशिक्षित शिक्षकाचे होते, ते पाळी सांभाळणाऱ्या कुटुंबावर टाकल्याचा तो परिणाम आहे.

हा विषय महाविद्यालयीन शिक्षकांपासून दूरचा नाही. २०२१ मध्ये परीक्षेविना दहावी उत्तीर्ण झालेली तुकडी २०२३-२४ मध्ये पदवीच्या प्रथम वर्षात आली. ‘ही कोविडची बॅच’ असे आपण शिक्षककक्षात सहज म्हणून जातो. त्या शेऱ्यामागे एका खोलीत एक फोन तिघांत वाटून घेतलेले घर असू शकते, याचे भान आपण ठेवले पाहिजे. त्या मुलांना लिहिता येत नाही असे म्हणण्यापूर्वी, त्यांनी दहावी कोठे बसून आणि कोणाच्या फोनवर पूर्ण केली, हे त्यांना विचारावयास हवे.

अखेरचा मुद्दा साधनांचा. १८९७ च्या प्लेगचा इतिहास शासकीय अहवाल, वृत्तपत्रे व आत्मचरित्रे यांच्या आधारे लिहिता आला. २०२० च्या पालकांचा इतिहास मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशांत, संमतीपत्रांच्या गठ्ठ्यांत आणि माणसांच्या आठवणीत आहे. फोन बदलला की संदेश जातात, शाळेची दप्तरे साफ झाली की संमतीपत्रे जातात, आणि कंत्राट संपले की कुटुंबच गाव बदलते. या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी, संबंधितांची खाजगीता जपून, पालकांच्या मौखिक मुलाखती व हे कागद संकलित करण्याचे काम हाती घेणे निकडीचे आहे. आपलेच विद्यार्थी आपल्या आई-वडिलांच्या मुलाखती घेऊन त्याचा प्रारंभ करू शकतात. ज्यांनी दोन वर्षे शाळा घरात चालविली, त्यांचे कथन त्यांच्याच शब्दांत नोंदविले जाणे, ही त्यांच्याप्रती असलेली आपली किमान जबाबदारी होय.